विझत्या प्रकाशाचे साक्षीदार

२५ जुलै २००३ ची रात्र. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया शहर. आपल्याकडे तो पावसाळा, पण तिकडे हिवाळा आणि आकाश कोरडे. बर्टो मोनार्ड नावाचे एक गृहस्थ आपली ३० सेंटीमीटर व्यासाची दुर्बीण घेऊन बसले होते. हेटे-२ नावाच्या उपग्रहाने त्याच दिवशी आकाशाच्या एका तुकड्यातून गॅमा किरणांचा लोट आल्याची नोंद केली होती आणि तो तुकडा कोणता, हे जगभर कळवले होते. स्फोटाला सुमारे सात तास उलटून गेले होते. मोनार्ड यांनी दुर्बीण तिकडे वळवली, कॅमेऱ्याने छायाचित्रे घेतली आणि जुन्या नकाशाशी ताडून पाहिली. नकाशात नसलेला एक फिकट ठिपका तेथे होता.

तो ठिपका म्हणजे कोट्यवधी प्रकाशवर्षांपलीकडे झालेल्या स्फोटाची मागे राहिलेली झळाळी होती. ती जगात सर्वांत आधी त्यांना सापडली. खगोलशास्त्र हा त्यांच्या पोटापाण्याचा धंदा नव्हे. ते हौशी निरीक्षक. गॅमा स्फोटाची अशी झळाळी एखाद्या हौशी माणसाने प्रथम शोधून काढण्याची ती पहिलीच वेळ होती.

आमच्या साप्ताहिकाच्या कुटुंबाच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. त्याचे कारण एका मुलीचा प्रश्न आहे. आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत आम्ही ही हकीकत सांगत होतो. नववीतली एक मुलगी सगळे लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी तिने विचारले, "हे करायला कोणाची परवानगी लागते?"

किती पैसे लागतात, असे तिने विचारले नाही. कोणती पदवी लागते, असेही नाही. परवानगी कोणाची लागते, हा तिचा पहिला प्रश्न होता. ज्यांच्या आज्या-पणज्यांना पाणवठ्यावर जाण्यासाठी परवानगी नव्हती आणि पाटीला हात लावण्याची सोय नव्हती, त्यांच्या नातीच्या तोंडी हाच प्रश्न आधी यावा, यात नवल ते काय? म्हणून आम्ही या विषयाची सविस्तर माहिती गोळा केली. ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मुळात हे स्फोट सापडले ते चुकून. १९६३ साली वातावरणात व अवकाशात अणुचाचण्या न करण्याचा करार झाला. कोणी चोरून चाचणी करतो की काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेने वेला नावाचे उपग्रह सोडले. अणुस्फोटात गॅमा किरण निघतात, तेव्हा ते पकडण्याची साधने त्यांवर होती. २ जुलै १९६७ रोजी त्या साधनांवर किरणांची एक नोंद उमटली. पण तिचे रूप अणुबाँबच्या नोंदीसारखे नव्हते. पुढे अशा आणखी नोंदी मिळाल्या. त्या पृथ्वीवरून येत नव्हत्या आणि सूर्याकडूनही येत नव्हत्या. चोर धरायला बसवलेल्या पहारेकऱ्याला भलतेच काही दिसावे, तसा हा प्रकार. लॉस अलामॉसच्या शास्त्रज्ञांनी १९७३ साली तो जगापुढे मांडला.

पुढची चोवीस वर्षे कोडे सुटेना. हे स्फोट काही सेकंद टिकतात, कधी सेकंदापेक्षाही कमी, तर कधी मिनिटभर किंवा त्याहून अधिक. मग गॅमा किरणांचा मागमूस उरत नाही. दिशा नेमकी कळत नव्हती, मग अंतर कसे कळणार? १९९१ साली सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने सरासरी दिवसाला एक या गतीने ते नोंदले आणि ते आकाशात सर्व बाजूंना सारखेच विखुरलेले आहेत, असे दाखवून दिले. १९९५ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला या प्रश्नावर जाहीर वाद झाला. डोनाल्ड लॅम्ब म्हणाले, हे स्फोट आपल्याच आकाशगंगेच्या परिघात होतात. पोलिश शास्त्रज्ञ बोहदान पाचिन्स्की म्हणाले, ते विश्वाच्या फार दूरच्या भागांतून येतात. दोघेही विद्वान, दोघांकडे युक्तिवाद, आणि पुरावा कोणाकडेच पुरेसा नाही. निकाल कोणाच्या मोठेपणावरून लागला नाही. वाट पाहावी लागली.

२८ फेब्रुवारी १९९७ रोजी इटली आणि नेदरलंड्स यांच्या बेपोसॅक्स उपग्रहाने एका स्फोटाची जागा बऱ्यापैकी नेमकी पकडली. नेदरलंड्सच्या यान फान पाराडायस यांच्या गटाने त्याच रात्री ला पाल्मा बेटावरील ४.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने त्या जागेचे छायाचित्र मिळवले. आठवडाभराने पुन्हा छायाचित्र घेतले. पहिल्यात एक ठिपका होता, दुसऱ्यात तो नव्हता. गॅमा किरण संपल्यावरही साध्या प्रकाशात काहीतरी मागे उरते आणि हळूहळू विझते, हे तेव्हा प्रथम सिद्ध झाले. त्याच वर्षी मे महिन्यातील दुसऱ्या स्फोटाचा प्रकाश हवाईतील केक दुर्बिणीने तपासला आणि तो अब्जावधी प्रकाशवर्षांवरून आल्याचे कळले. पाचिन्स्की बरोबर ठरले.

आता ही झळाळी म्हणजे काय, ते आमच्या माता-भगिनींना चुलीच्या उदाहरणाने चटकन समजेल. लाकडाचा भडका क्षणभराचा असतो. निखारा मात्र पुष्कळ वेळ धुमसतो. सूर्याच्या कितीतरी पट वजनाचा तारा आयुष्याच्या शेवटी आत कोसळतो आणि त्याच्या गाभ्याचे कृष्णविवर बनते. त्या वेळी दोन विरुद्ध दिशांना द्रव्याचे अरुंद झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर पडतात. झोताचे तोंड आपल्याकडे असेल तरच आपल्याला गॅमा किरणांचा भडका दिसतो. मग तो झोत आजूबाजूच्या वायूवर आदळतो, वायू तापतो आणि क्ष-किरण, दृश्य प्रकाश व रेडिओ लहरी फेकीत राहतो. हा झाला निखारा. सेकंद-दोन सेकंदांच्या आतले जे लहान स्फोट असतात, ते बहुधा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून होतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशी एक टक्कर प्रत्यक्ष नोंदली गेली. पण आज आपला विषय निखाऱ्याचा आहे.

निखारा कसा विझतो, यालाही एक रीत आहे. ढोबळमानाने वेळ दुप्पट झाली की तेज निम्मे होते. म्हणजे स्फोटानंतर एका तासाने जेवढा उजेड असेल, त्याच्या निम्मा दोन तासांनी, पाव चार तासांनी, आणि दहा तासांनी जेमतेम दहावा हिस्सा. पुढे कधीतरी, बहुधा काही तासांनी किंवा दिवसांनी, तेज एकाएकी जास्त भराभर उतरू लागते. हे वळण फार मोलाचे असते, कारण झोत किती अरुंद होता, हे त्यावरून काढता येते. बॅटरीचा उजेड अरुंद नळीतून येतो की चारी दिशांना पसरतो, यावर आत किती शक्ती खर्च झाली याचा हिशेब ठरतो ना, तसेच हे. वळण निसटले तर हिशेब चुकला.

आणि ते वळण काही मोठ्या वेधशाळेच्या सोयीने येत नाही! पृथ्वी फिरते. हवाईत पहाट झाली की तिथली अवाढव्य दुर्बीण झाकावी लागते. चिलीवर ढग आले की तिथली बंद. मोठ्या दुर्बिणींचे वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी ठरलेले असते, त्यात अशा अवचित पाहुण्याला जागा मिळतेच असे नाही. अशा वेळी जिथे रात्र आहे आणि आकाश निरभ्र आहे, तिथे कोणी जागा असेल, त्याच्याकडे बऱ्यापैकी दुर्बीण आणि कॅमेरा असेल, तर त्या तासापुरता जगातील एकमेव साक्षीदार तो ठरू शकतो. हौशी माणसांचे महत्त्व येथे आहे. त्यांना कोणी दया म्हणून सामावून घेतलेले नाही; गरज आहे म्हणून घेतले आहे.

असे जागणारे लोक शंभर वर्षांहून अधिक काळ संघटित आहेत. ज्यांचे तेज कमी-जास्त होते अशा ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. त्यांच्या नोंदी ठेवणारी अमेरिकन संस्था १९११ साली विल्यम टायलर ओल्कॉट यांनी स्थापन केली. (श्रीलंकेत बौद्ध शाळा काढणारे कर्नल ओल्कॉट ते वेगळे.) हे ओल्कॉट वकिलीचे शिक्षण घेतलेले, आकाशाच्या बाबतीत हौशी. त्यांना हार्वर्ड वेधशाळेच्या एडवर्ड पिकरिंग यांचा पाठिंबा होता. याच पिकरिंग यांच्या घरी विल्यमिना फ्लेमिंग नावाची स्कॉटलंडहून आलेली बाई मोलकरीण म्हणून राहिली होती. नवऱ्याने टाकलेली, पदरी मूल. पिकरिंग यांनी तिला १८८१ साली वेधशाळेत कामाला घेतले. छायाचित्रांच्या काचा तपासता तपासता तिने तीनशेवर रूपविकारी तारे आणि दहा नवतारे शोधून काढले. दुसऱ्याच्या घरची भांडी घासणाऱ्या आमच्या भगिनींनी हे नाव आपल्या लेकींना जरूर सांगावे.

या संस्थेच्या संचालक १९७३ पासून २००४ साली निधन होईपर्यंत जॅनेट मॅटाई होत्या. त्या मूळच्या तुर्कस्तानच्या. गॅमा स्फोटांच्या मागे लागणाऱ्या हौशी निरीक्षकांचे जाळे २००० साली त्यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले. उपग्रहाने स्फोट पकडला की नासाच्या गोडार्ड केंद्रातील यंत्रणा आपोआप जगभर वर्दी देई. काहींना ती ई-मेलने जाई, काहींच्या कमरेच्या पेजरवर. मग जेवणाचे ताट सोडून, कधी झोपेतून उठून माणसे दुर्बिणीकडे धावत.

प्रत्यक्ष काम कसे चालते? दुर्बिणीला जोडलेला कॅमेरा थंड ठेवलेला असतो, कारण उष्णतेने त्यात खोटे ठिपके उमटतात. दिलेल्या जागेची एकेक मिनिटाची अनेक छायाचित्रे घेऊन ती एकावर एक रचतात. मग ती जुन्या सर्वेक्षणातील चित्रांशी ताडतात. नवा ठिपका आढळला, तर तो हलणारा लघुग्रह तर नाही ना, कॅमेऱ्यातला दोष तर नाही ना, हे आधी तपासतात. तो टिकला, तर शेजारच्या ओळखीच्या ताऱ्यांशी तुलना करून त्याची प्रत ठरवतात. ताऱ्यांची प्रत म्हणजे तेजाचा आकडा. आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पटींचा. गावाकडच्या काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. या झळाळ्या बहुधा अठराव्या प्रतीच्या किंवा त्याहून मंद असतात, म्हणजे डोळ्यांच्या मर्यादेपेक्षा साठ हजार पट फिकट. शेवटी वेळ, तीही सेकंदापर्यंत आणि सर्व जगाने मान्य केलेल्या एकाच घड्याळाप्रमाणे. वेळ चुकली तर मापाला कवडीची किंमत नाही.

हे सारे लिहून एका परिपत्रकातून सर्वांना कळवायचे. त्यात निरीक्षकाचे नाव, दुर्बिणीचा व्यास, वेळ आणि प्रत एवढेच असते. मोठ्या विद्यापीठातील प्राध्यापकाचे परिपत्रक आणि घराच्या मागच्या अंगणात दुर्बीण लावलेल्या माणसाचे परिपत्रक एकाखाली एक, क्रमांकाने येतात. कोणाचे वर, कोणाचे खाली, हे फक्त कोणी आधी पाठवले यावर ठरते.

आम्हांला या परिपत्रकांमधली सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्यांतली पुष्कळशी परिपत्रके 'दिसले नाही' असे सांगणारी असतात. अमुक वेळी आम्ही पाहिले, अमुक प्रतीपर्यंतचे तारे आमच्या चित्रात आले, नवे काही आढळले नाही. बस्स. आणि हे निरुपयोगी मानले जात नाही! त्या वेळी झळाळी त्या प्रतीपेक्षा मंद होती, एवढे तरी त्यातून पक्के होते. रात्रभर जागून हाती काही न लागलेला माणूस तसे स्पष्ट लिहितो आणि ते ज्ञान म्हणून जमा होते. 'मुसावादा वेरमणी' आपण वंदनेत रोज म्हणतो. खोटे न बोलण्याचे हे शील पाळले नाही, तर या सगळ्या कामाचा पायाच उखडतो.

याउलट आमच्याकडे आकाश पाहणाऱ्यांचा एक धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यांना कधी 'दिसले नाही' असे झालेच नाही. लग्नाचा मंगळ दिसतो, साडेसाती दिसते, दक्षिणेचा आकडाही दिसतो. भगवान बुद्धांनी भिक्खूंना ग्रहणे व नक्षत्रे पाहून भविष्य सांगणे आणि त्यावर पोट भरणे याला हीन विद्या म्हणून मनाई केली. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, ही यादी आहे. तरी २००१ साली आमच्या विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांतून फलज्योतिष शिकवण्याची योजना आणली आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती रद्द केली नाही. तिकडे साधी माणसे विझत्या निखाऱ्यांची मापे घेत होती, त्याच वर्षांतली ही गोष्ट. असो.

२९ मार्च २००३ चा स्फोट या विषयात विशेष नावाजला गेला. या स्फोटांना त्यांच्या तारखेचेच नाव देतात, म्हणून हा जीआरबी ०३०३२९. भारतात तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून सात मिनिटे झाली होती. तो इतर स्फोटांच्या मानाने जवळचा, म्हणजे सुमारे दोन अब्ज प्रकाशवर्षांवरचा होता. त्याची झळाळी तासा-दीड तासानंतरही तेराव्या प्रतीच्या आसपास होती, म्हणजे हौशी माणसाच्या मध्यम दुर्बिणीच्याही आवाक्यात. जगभरच्या मोठ्या वेधशाळांबरोबर हौशी निरीक्षकही त्यावर तुटून पडले. तेज सरळ उतरत नव्हते; मध्येच थबकत होते, थोडे उसळत होते. दहाएक दिवसांत मोठ्या दुर्बिणींनी त्याचा वर्णपट पाहिला, तेव्हा विझणाऱ्या झळाळीच्या आतून एका अतिनवताऱ्याचा प्रकाश वर येताना दिसला. तारा कोसळूनच हे स्फोट होतात, या म्हणण्याला मिळालेला तो भक्कम पुरावा. मोनार्ड यांचा शोध याच वर्षी, चार महिन्यांनी लागला.

फिनलंडच्या हौशी निरीक्षकांचेही सांगायला हवे. जिवास्किला नावाच्या शहरात सिरियस या नावाचे एक हौशी मंडळ आहे. त्यांची वेधशाळा सरकारची नाही, मंडळाची आहे. १० ऑक्टोबर २००७ रोजी या मंडळाचे आर्टो ओक्सानेन यांनी हान्कासाल्मी येथील ४० सेंटीमीटरच्या दुर्बिणीने एका स्फोटाची झळाळी स्फोटानंतर अवघ्या १७ मिनिटांत शोधली. मोनार्ड यांचे सात तास आणि हे १७ मिनिटे. चार वर्षांत केवढा पल्ला! दुर्बीण संगणकावर चालू लागली होती आणि २००४ साली सोडलेला स्विफ्ट उपग्रह स्फोटाची जागा मिनिटभरात कळवू लागला होता.

आणि १९ मार्च २००८ ला तर कहर झाला. भूतप तारकासमूहात एक स्फोट झाला. त्याचा प्रकाश साडेसात अब्ज वर्षे प्रवास करून आला होता, आणि तरीही अर्धा मिनिटभर तो नुसत्या डोळ्यांना दिसावा इतका, पाचव्या-सहाव्या प्रतीच्या मधला होता. पृथ्वी जन्मली तिच्या कितीतरी आधी निघालेला तो उजेड! आपल्याकडे तेव्हा सकाळचे पावणेबारा व्हायला आले होते आणि लख्ख ऊन होते. चिलीतील स्वयंचलित कॅमेऱ्यांनी त्याची नोंद घेतली.

आता आमच्या वाचकांच्या मनात एक शंका आली असेल, आणि ती रास्त आहे. हौस कोणाला परवडते? कॅमेऱ्यासह ३० सेंटीमीटरची चांगली दुर्बीण आज लाखांच्या घरात जाते. अंगण लागते, काळोख लागतो, दुसऱ्या दिवशी कामावर उशिरा गेले तरी चालेल अशी नोकरी लागते. एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्याला आणि रात्रपाळी करणाऱ्याला हौशी होण्याचा सल्ला देणे सोपे आहे. तो सल्ला आम्ही देणार नाही. पण सिरियस मंडळाची दुर्बीण मंडळाची आहे, ही गोष्ट लक्षात घ्या. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईचे खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन करीत आले आहे. आयुकात सामान्य माणसांना काच घासून दुर्बिणीचा आरसा बनवायला शिकवणाऱ्या कार्यशाळा झाल्या आहेत. आमच्या वस्त्यांतून जयंतीला किती वर्गणी जमते, हे आम्हांला ठाऊक आहे. ध्वनिक्षेपकाच्या भिंतींवर त्यातली किती जाते, हेही ठाऊक आहे. एका वर्षी एक भिंत कमी लावली, तर विहाराच्या गच्चीवर एक साधी दुर्बीण उभी राहू शकते. हे लिहिल्याबद्दल काही तरुण मंडळे आमच्यावर रागावतील. रागवोत.

आणि आमच्या मुलांना ताऱ्यांची ओढ नाही, असे कोणी म्हणू नये. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातील आंबेडकर विद्यार्थी संघटनेचा कार्यकर्ता रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला आपल्यातून गेला. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायची आपली इच्छा होती, हे त्याने शेवटच्या पत्रात लिहून ठेवले. त्याची वसतिगृहातील खोली आणि विद्यार्थिवेतन बंद केले गेले होते. तो राहिला असता, तर आज या पानावरचा हा लेख आम्हांला लिहावा लागला नसता. त्याने आमच्यापेक्षा कितीतरी चांगला लिहिला असता.

आता शेवटी ९ ऑक्टोबर २०२२ ची गोष्ट. त्या दिवशी आश्विन पौर्णिमा होती, वर्षावासाची सांगता. संध्याकाळी विहारांतून वंदनेसाठी उपासक-उपासिका जमत होत्या. सूर्य मावळून अर्धा तास होत आला होता. सहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी पृथ्वीवर गॅमा किरणांचा असा लोट येऊन धडकला की, साधने बसवल्यापासून तेवढा तीव्र कोणी नोंदला नव्हता. अंदाज असा की, असा स्फोट दहा हजार वर्षांतून एखादाच. आणि तो आला कोठून? त्या घटकेला महाराष्ट्राच्या जवळजवळ नेमक्या डोक्यावरून! श्रवण आणि अभिजित या दोन ठळक ताऱ्यांच्या मधोमध, किंचित श्रवणाकडे, शर नावाच्या चिमुकल्या तारकासमूहात ती जागा होती. आपल्या कोकण किनाऱ्यासमोरच्या समुद्रावरून पाहिले असते, तर ती थेट माथ्यावर आली असती. हवेने गॅमा किरण वरच्या वर अडवले, म्हणून कोणाला इजा झाली नाही आणि कोणाला काही कळलेही नाही. वातावरणाच्या वरचा विद्युतभारित थर मात्र ढवळून निघाला.

झळाळी आकाशगंगेच्या धुळीच्या पट्ट्याआड होती, वर पौर्णिमेचा चंद्र. तरीही लहान दुर्बिणींनी ती गाठली. गुरुत्वीय लहरी आणि अशा स्फोटांचा पाठपुरावा करणारा एक आंतरराष्ट्रीय गट आहे. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून 'ग्रँडमा' म्हणजे आजी असा शब्द तयार होतो. या आजीबाईंनी हौशी निरीक्षकांची एक फळीच बांधली आहे. त्या फळीतल्या माणसांनी पुढच्या रात्री आपापल्या दुर्बिणींनी या झळाळीची चित्रे घेतली आणि ती मापे व्यावसायिक शास्त्रज्ञांच्या मापांबरोबर एकाच शोधनिबंधात छापली गेली. स्फोट सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वीचा. तो प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता, झाड नव्हते, मासाही नव्हता. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव तेवढे होते.

अभ्यासिकेतल्या त्या मुलीला आम्ही सांगितले की, परवानगी कोणाचीच लागत नाही. तिने लगेच विचारले, "मग मी काय पाहू?" दुर्बीण तर नव्हती. म्हणून आम्ही तिला मायावती नावाचा तारा दाखवला. ययाती तारकासमूहातला हा तारा दुसऱ्या प्रतीचा आहे, पण एक मंद जोडीदार त्याच्या आड येतो आणि काही तास त्याचे तेज उतरते. दर दोन दिवस, वीस तास आणि एकोणपन्नास मिनिटांनी हे घडते. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येते.

तिने शंभर पानी वही घातली आहे. तारीख, वेळ, आकाश कसे होते, मायावती कोणत्या ताऱ्यापेक्षा ठळक, कोणत्यापेक्षा मंद, एवढे ती लिहिते. दोन नोंदी 'ढग, दिसले नाही' अशा आहेत. एका शुक्रवारी रात्री साडेआठला तिला मायावती सर्वांत मंद सापडला. तिने बोटे मोजून पुढची वेळ काढली तर ती आली सोमवारी संध्याकाळी पाच वाजून एकोणीस मिनिटांची, म्हणजे उन्हात. ती हिरमुसली. मग भिंतीवरच्या जगाच्या नकाशासमोर जाऊन बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "तेव्हा जपानमध्ये रात्रीचे पावणेनऊ वाजून गेलेले असतील. तिथे कोणीतरी पाहील."